दिवस मावळायच्या आत

केवळाबाईनं येळवशीच्या सकाळी देवाशी एक सौदा केला आणि तो कुणालाही सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हताच तो.

येळवस म्हणजे लातूरकडची वेळ अमावस्या. मार्गशीर्ष सरता सरता येते. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. घरांना कुलपं, पारावर शुकशुकाट, खुद्द लातूर शहरातले रस्ते ओस. आणि शिवारात मात्र पाय ठेवायला जागा नाही. जो तो आपल्या वावरात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतो, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतो, काळ्या आईला आंबील शिंपतो आणि मग दिवसभर जेवतो. स्वतःच्या कोपीत जेवतो, शेजाऱ्याच्या कोपीत जेवतो, ओळख ना पाळख अशा माणसाच्या कोपीतही जेवतो. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, पोटभर घातल्याशिवाय सोडायचं नाही आणि नाव-गाव मागाहून विचारायचं, असा त्या दिवसाचा रिवाज. पुण्याला चाकरी करणारी पोरं एखादी दिवाळी बुडवतील, पण येळवस बुडवायची नाहीत.

तर केवळाबाई कोपीत गुडघे टेकून बसली होती. पाची दगडांना तिनं चुन्याचा हात दिला, वर कावेचे पट्टे ओढले, पुढं आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं ठेवलं आणि हात जोडून मनातल्या मनात म्हणाली, "देवा, आज नांदेडहून एक माणूस यायचाय. दिवस मावळायच्या आत त्यो ह्या कोपीत येऊन जेवला, तर तुझी मर्जी समजंन. माझी सून त्याच्या घरी दिली. न्हाई आला, तर पोरगी माझीच. मग पुन्ना कुणी इषय काढायचा न्हाई."

देव काही बोलला नाही. केवळाबाईनं ते होकारात धरलं आणि पदर खोचून उठली.

सून म्हणजे तनुजा. ती बाहेर बांधाच्या आडोशाला तीन दगडांच्या चुलीवर भज्जीचं, म्हणजे पालेभाज्या, ओले दाणे आणि बेसन एकत्र शिजवलेल्या भाजीचं पातेलं ठेवून बसली होती. केवळाबाईचा मुलगा शिवशंकर दोन वर्षांपूर्वी पुण्याहून गावी येताना रस्त्यातच अपघातात गेला. नवरा शेषेराव त्याच्याही कितीतरी आधी. घरात उरल्या तीन बाया: एक म्हातारी, एक तरणी आणि एक अजून दुधाचे दात न पडलेली. ती तिसरी राजकन्या, शिवशंकरची पोर. तिचं चालणं बापासारखं, झोपेत बडबडणं बापासारखं, आणि रागावली की खालचा ओठ बाहेर काढणं तर थेट बापाचंच. तिच्याकडं बघत बघत केवळाबाईनं दोन वर्षं रेटली होती.

खरं सांगायचं तर स्थळाची गोष्ट तिनंच काढली होती. दिवाळीला तिचा भाऊ आप्पासाहेब नांदेडहून आला, तेव्हा शहाण्यासारखं तोंड करून ती म्हणाली होती, "तनुजाचं वय काय, आप्पा? उभी जिंदगानी पडलीय फुडं. बग एखादा चांगला माणूस." म्हणताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आप्पासाहेब महिनाभरात माणूस शोधून काढील हे तिला कुठं ठाऊक? देविदास नाव. मूळचा धर्माबादकडचा, आता विष्णुपुरीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कामाला. बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही, राजकन्येला पोटच्या पोरीसारखं सांभाळीन म्हणतो. आप्पासाहेब फोनवर एकेक गुण सांगत गेला. एखादी तरी खोट निघावी म्हणून केवळाबाईनं किती खोदून विचारलं! दारू? नाही. तंबाखू? नाही. आई खाष्ट असेल? आई कधीच वारली.

तनुजानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मी पुन्ना ट्रे घेऊन कुणाफुडं बसणार न्हाई. एकदा बसले ते बास."

मग येळवशीची युक्ती केवळाबाईलाच सुचली. त्या दिवशी दहा जण येतात, दहा जण जातात. हाही येईल, जेवील. तनुजाला त्याला बघायचं तर ती बघेल, नाही तर नाही. गावाला पत्ता लागायचा नाही. आप्पासाहेबाला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं फोनवरच टाळी वाजवली. देविदासानं सकाळच्या एसटीनं निघायचं, चाकूरच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं, गाडीवाटेनं आत यायचं आणि कुणालाही केवळाबाईची कोप विचारायची, असं ठरलं. ह्या ठरवण्यात एक चूक होती, पण ती त्या दोघांच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती. जन्म ह्या मुलखात गेला की ती दिसतच नाही.

ऊन चढलं तशी शिवारात वर्दळ सुरू झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बाया-पोरं आली. पुण्याच्या पाटीच्या मोटारी गाडीवाटेच्या खड्ड्यांत पोट घासत आल्या. केवळाबाई कोपीच्या तोंडाशी बसून बघत होती आणि तिला दिसत होत्या त्या बैलगाड्या.

नवी नवरी म्हणून ह्या वावरात ती पहिल्यांदा आली ती येळवशीलाच. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. गाडीत सासू, दोन नणंदा, चुलत सासवा, भज्जीची पातेली, गव्हाच्या खिरीचा हंडा, बाजरीच्या उंड्यांची दुरडी, आणि ह्या सगळ्यांत अंग चोरून बसलेली केवळा. बैलांच्या गळ्यात घागरमाळा. शेषेराव गाडी हाकत होता आणि दर वळणाला उगाच मागं वळून चाकाकडं बघत होता. "चाकाला काय झालंय रं?" सासऱ्यानं दोनदा विचारलं, तेव्हा बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. त्या दिवशी कोपीत वीस-पंचवीस पानं उठली. हरभरा घाट्यांनी लगडला होता, ज्वारी कमरेला लागली होती, करडईचे काटे पोटऱ्यांना ओरबाडत होते. संध्याकाळी शेषेराव घोंगडं पांघरून, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन, आंबील शिंपत वावराला फिरला. "ओलगे, ओलगे" असा त्याचा पुकारा ओढ्यापलीकडं पोचला आणि केवळाला वाटलं, हा माणूस आपला आहे.

मग शिवशंकर झाला. चालायला लागल्यापासून त्याला येळवशीत रस होता तो एकाच गोष्टीत, संध्याकाळच्या हेंडग्यात. अंधार पडला की गवताच्या पेंढ्या पेटवून पोरं बांधाबांधानं पळतात, तो हेंडगा. एका वर्षी त्यानं स्वतःची चड्डी जाळून घेतली आणि बापाच्या भीतीनं ज्वारीत लपून बसला. सगळं शिवार हाका मारून थकलं. शेवटी भूक लागली तेव्हा आपणच बाहेर येऊन म्हणाला, "माय, भज्जी उरलीय का?" केवळाबाईला आत्ताही हसू आलं. एवढी माणसं होती ह्या कोपीत. आता कोप बांधून द्यायलासुद्धा शेजारचा शरणप्पा लागतो. उद्या तनुजा गेली, राजकन्या गेली, तर ह्या पाच दगडांपुढं एकटीनं बसून भज्जी कुणाला वाढायची?

"आत्याबाई, कुणी तरी यायलंय," तनुजा हळूच म्हणाली.

गाडीवाटेनं एक माणूस येत होता. चाळिशीच्या अलीकडचा, अंगात पांढरा शर्ट, खांद्याला बॅग. मोटारसायकल त्यानं बाभळीखाली लावली होती. एसटीनं येणार होता खरा, पण मन बदललं असेल. अजून बारासुद्धा वाजले नव्हते. देव इतका घाईचा असेल असं केवळाबाईला वाटलं नव्हतं.

"या, या, बसा," तिनं घोंगडं झटकून टाकलं. "लई उन्हाचं आलाव. नांदेडहूनच ना?"

"हाव, नांदेडहूनच."

"विष्णुपुरीकून?"

"तिकडून बी जावंच लागतंय," तो म्हणाला आणि पाय धुऊन आत आला. ह्यापुढं विचारणं रिवाजाला धरून नव्हतं. तनुजानं पत्रावळ मांडली. भज्जी, उंडे, आंबट भात, शेंगांच्या पोळ्या, खीर. माणूस मन लावून जेवत होता. केवळाबाई त्याच्या प्रत्येक घासावर नजर ठेवून होती. अन्न टाकत नाही, बरं आहे. भुरके मोठे मारतो, पण तेवढं चालायचं. तनुजा वाढताना खाली बघत नव्हती, सरळ त्याच्या तोंडाकडं बघत होती. ठरलंच होतं तसं.

तेवढ्यात आप्पासाहेबाचा फोन आला. "अक्का, पोचला का गं पाव्हणा?"

"पोचलाय. जेवायलाय," केवळाबाई तोंडावर पदर धरून कुजबुजली आणि फोन बंद केला.

पाहुण्यानं तिसऱ्यांदा भज्जी घेतली, आंबिलीचा तांब्या रिकामा केला आणि समाधानानं मिशा पुसल्या. "मावशी, आमच्या मंडळी बी भज्जी करतेत. पण ही चव न्हाई बगा. तुमालाच इचारून तिला सांगाव म्हणतो, काय काय घातलंय ह्यात."

वाढायला उचललेली पोळी केवळाबाईनं परत ठेवून दिली.

"मंडळी?" केवळाबाई म्हणाली.

"हाव. दोन पोरं हायेत. थोरला दहावीला बसलाय औंदा." मग त्यानं बॅग उघडून रंगीत कागद बाहेर काढले. नाव सिद्रामप्पा, धंदा ठिबकच्या नळ्या विकण्याचा. आज सगळं शिवार एका जागी सापडतं म्हणून निघाला होता, आणि सकाळपासून एकही नळी न विकता नुसता जेवत चालला होता. "पुढच्या वावरात गेलो तरी आता जेवायचं न्हाई," तो स्वतःलाच बजावल्यासारखा म्हणाला आणि गेला.

तो बाभळीआड झाला आणि तनुजाला हसू फुटलं. आधी तिनं ओठ दाबून धरले, मग पदर धरला, मग काही धरवेना. पोट धरून ती कडब्याला टेकली. "आत्याबाई, तुमी त्याला... किती पोळ्या वाढल्या... आन् त्यो मंडळीला भज्जी सांगायलाय!" राजकन्येला काही कळलं नव्हतं, पण आई हसतेय म्हणून तीही हसत सुटली.

केवळाबाईसुद्धा हसली. पण हसता हसता तिच्या एक लक्षात आलं आणि ते मनात रुतून बसलं. तनुजाचं हसणं ती विसरून गेली होती. दोन वर्षं एका छपराखाली राहून, एका ताटात जेवून, पोरीचा हसण्याचा आवाज कसा आहे हे तिला आठवत नव्हतं.

दुपार कलली. कितीतरी माणसं आली, जेवून गेली. आता केवळाबाई प्रत्येकाला आधी नाव विचारत होती, रिवाज गेला चुलीत. देविदास कुणाचंच नव्हतं. आप्पासाहेबाला उलटा फोन करून झालेला घोटाळा सांगायला हवा होता. तिनं फोन हातात घेतला, परत कमरेला खोचला. जाऊ दे. येणारा येतो. सूर्य बाभळीच्या शेंड्यावरून खाली उतरायला लागला तसं तिला हलकं हलकं वाटायला लागलं. तिनं राजकन्येला मांडीवर घेतलं, तिच्या वेणीतला कडब्याचा भुस्सा काढला, उद्या तुला गूळ-शेंगा देते म्हणाली. देवानं कौल दिला होता. आपण काही अडवलं नव्हतं. आपण तर भाऊ लावून स्थळ आणवलं होतं, एवढा स्वयंपाक केला होता. आता नाहीच आला तर कुणाचा इलाज?

अशी ती स्वतःची समजूत घालत असताना शरणप्पाची बायको महादेवी आली. महादेवीचं वावर ओढ्यापलीकडं. ती आली की आधी तिचा आवाज येतो आणि बऱ्याच वेळानं ती.

"केवळाअक्का, तुझ्याकडं पाव्हणा यायचा होता का गं कुणी?"

केवळाबाईच्या हातातली वेणी तशीच राहिली. "का?"

"अगं, सकाळधरनं एक माणूस शिवारात फिरायलाय. तुझी कोप इचारतंय. आमच्यात आला, मी म्हणलं, आधी जेव बाबा, मग दावते. आवसंच्या दिशी उपाशी माणसाला वाट कोण दावतंय? जेवला, तवर आमच्या जावेनं ओढून नेला. तिथून तिच्या भावानं नेला. तिकडचा हाय कुणी तरी, त्याला न्हाई म्हणायचं ठावं न्हाई. आता आमच्या आंब्याखाली आडवा झालाय बिचारा. येईल म्हणलं अन्न जिरल्यावर." महादेवी आपल्याच बोलण्यावर खदखदून हसली, चुलीपाशी तनुजाला भज्जी कशी झाली ते विचारलं, घासभर खाल्ली आणि दुसऱ्या कोपीकडं निघून गेली.

ती चूक ही अशी होती. येळवशीच्या दिवशी कुणाची कोप विचारून कुणी नीट पोचत नसतं. आप्पासाहेब आणि केवळाबाई, दोघांच्याही मनात ते आलं नव्हतं, कारण त्यांना ह्या शिवारात कधी वाट विचारावीच लागली नव्हती.

तनुजाला काही ऐकू गेलं नव्हतं. महादेवी कोपीच्या मागच्या अंगाला बोलत होती तेव्हा ती पाण्याला गेली होती. सूर्य अजून दोन हात वर होता. केवळाबाई बसून राहिली. न बोलता नुसतं बसून राहिलं तरी पुरेसं होतं. फुगलेल्या पोटाचा माणूस तासभर उठायचा नाही. दिवस मावळेल, तो फाट्यावर जाऊन गाडी पकडील, आणि आपण केलेला सौदा आपल्याच पदरात पडेल. कुणी बोट दाखवणार नाही. देवसुद्धा नाही.

पण माणूस आला होता. सकाळीच आला होता. देवानं त्याच्या बाजूनं काही कसर ठेवली नव्हती. ओढ्यापर्यंत आणून सोडला होता, आणि आपण इथं त्याच्या नावानं कौल लावून राजकन्येच्या वेण्या घालत बसलो होतो. केवळाबाईला स्वतःची लाज वाटली. चुलीपाशी तनुजा उरलेली भज्जी एका पातेल्यात काढत होती. चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला होता, शांत आणि मिटलेला. दुपारचं ते हसणं आपल्या घरात पुन्हा यायचं नाही, हे केवळाबाईला तिथं बसल्या बसल्या लख्ख कळलं. ह्या घरात तनुजा कायम शिवशंकरची बायको राहील, आणि शिवशंकर तर नाही.

"जरा ओढ्याकडं जाऊन येते," ती म्हणाली आणि उठली.

गुडघे कुरकुरत होते. ज्वारीतून, हरभऱ्यातून, ढेकळांतून ती भराभरा चालली. ओढा उतरली, चढली. महादेवीच्या आंब्याखाली एक माणूस बॅग उशाला घेऊन पडला होता. तिला बघून गडबडून उठला, शर्ट खोचायला लागला.

"केवळाबाई तुमीच का?"

"मीच ती."

"मावशी, माफ करा. लई उशीर झाला. जो भेटला त्यानं जेवल्याबिगर रस्ताच सांगितला न्हाई. न्हाई म्हणलं तर रागाला येतेत जणू, म्हणून जेवतच राहिलो." त्याचा चेहरा खरोखर केविलवाणा झाला होता.

केवळाबाईनं त्याला नीट बघितलं. शिवशंकरपेक्षा बुटका, कानाजवळ केस पिकलेले, तळहातावर लोखंडाच्या कामाचे घट्टे. शिवशंकरसारखं त्याच्यात काहीच नव्हतं. इतके दिवस तिला कसली भीती वाटत होती, सारखा असण्याची की वेगळा असण्याची, ते तिचं तिला सांगता आलं नसतं. तिनं फक्त "चला" म्हटलं.

देविदास हळूहळू चालत होता, त्याला भराभर चालताच येत नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "मावशी, एक इचारू? आप्पासाहेबांनी बाकी सगळं सांगितलं. तुमी कुठं राहणार ते न्हाई सांगितलं."

"मी? मी हितंच. वावर कोण बगंल?"

"एकट्या?"

आप्पासाहेबानं विचारलं नव्हतं, गावानं विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही धडपणानं विचारलं नव्हतं. हा परका माणूस मात्र ढेकळांतून अडखळत चालताना विचारत होता.

"माझ्याकडं दोन खोल्या हायेत," तो पुढं म्हणाला. "मोठ्या न्हाईत. पण दोन हायेत."

ओढा चढून बांधावर आल्यावर तिनं पश्चिमेकडं पाहिलं आणि तिचा पाय जागीच थबकला. सूर्य गेला होता. ज्वारीच्या कणसांवर तांबूस उजेड तेवढा उरला होता, आणि कोप अजून एक वावर पुढं होती. अट मोडली होती. "पाव्हणं, अंधार पडला, शेवटची गाडी चुकंल, पुन्ना कदी तरी या," एवढं म्हटलं की काम भागत होतं. भिडस्त माणूस, दुसऱ्यांदा सांगावंही लागलं नसतं.

देविदास दम खात मागं उभा होता. त्याला वाटलं, म्हातारीला धाप लागली.

केवळाबाईनं डोळे मिटले. "देवा," ती मनात म्हणाली, "सकाळचं माझं बोलणं मनावर घेऊ नको. अट मीच घातली होती, तू कुठं हाव म्हणला होतास? मला पोरगी सोडवंना म्हणून तुला मधी घातलं. आता माझी मीच देते. तू फकस्त तिच्या पाठीशी ऱ्हा. आन् जमलं तर माझ्याबी."

देव याही वेळी काही बोलला नाही. तिनं डोळे उघडले आणि देविदासाला म्हणाली, "हितून सांभाळून या. बांध फुटलाय."

कोपीपाशी पोचले तेव्हा सगळ्या शिवारात हेंडगे पेटले होते. पोरं आरडाओरडा करत बांधाबांधानं धावत होती, राजकन्याही शरणप्पाचं बोट धरून त्यांच्यात गेली होती. तनुजा कोपीच्या तोंडाशी उभी राहून अंधारात सासूची वाट बघत होती. सासूबरोबर दुसरं माणूस बघून तिनं पदर सावरला.

"ह्यो देविदास," केवळाबाई म्हणाली. "खराखुरा. मी इचारून घेतलंय. जेवायला वाढ. घासभरच वाढ, नाही तर मरंल."

देविदास घोंगड्यावर बसला. समोरच्या पत्रावळीकडं त्यानं अशा काही नजरेनं पाहिलं की तनुजाच्या ओठांचा कोपरा हलला. केवळाबाई बाहेर येऊन बांधावर बसली. आत दोघं काय बोलली ते तिला कळलं नाही, आणि तिनं कानही दिला नाही. म्हणजे थोडासा दिला, पण पोरांच्या ओरडण्यात काही लागलं नाही. एकदा मात्र तनुजाचं हसू स्पष्ट आलं. केवळाबाईनं ते ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. शिवशंकरला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिनं त्याला खरा निरोप दिला तो त्या घटकेला, बांधावर बसून.

बऱ्याच वेळानं तनुजा बाहेर आली आणि तिच्याजवळ उभी राहिली.

"आत्याबाई."

"बोल."

"माणूस बरा वाटायलाय."

"मग झालं तर."

"झालं काय?" तनुजाचा आवाज फाटला. "माझा पाय निघंना. मी हितून गेले की तुमची कोण लागणार मी? सून तरी कसं म्हणावं?"

लांबवर एक हेंडगा विझला, पोरांनी दुसरा पेटवला. मग केवळाबाई जरा चिडल्यासारखी म्हणाली, "फुडच्या येळवशीला ही सगळी भज्जी मला एकटीला व्हायची न्हाई. लई कुटाणा असतोय. पोरीला घिऊन तू आदल्या दिशीच यायचं."

"आदल्या दिशी?"

"मग? लेकी आदल्या दिशीच येतेत. आवसंच्या दिशी येतेत ते पाव्हणे."

तनुजा मटकन खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. केवळाबाईनं तिला रडू दिलं.